माफी, मुक्ती, सूट, तहकुबी : खानदेशातल्या शब्दांची पार्श्वभूमी

आपल्याकडे रावेर, चोपडा, शिरपूर कुठंही पारावर बसून नुसतं 'माफी' म्हटलं तरी समोरचा पहिलं विचारतो, किती लाखापर्यंत? भांडण मिटवायला हा शब्द फारसा लागत नाही, तिथं 'जाऊ दे ना भो' वर काम होतं. क्षमा तर पोथीत, नाहीतर पर्युषणानंतर जैन दोस्तांचा 'मिच्छामि दुक्कडम'चा मेसेज येतो त्या दिवशी. बाकी वर्षभर माफी म्हणजे सरकारी माफी, आता ती शेतीकर्जाची, आणि तिला अट असते. ही अट कशी कशी बदलत गेली तेवढंच इथं.

माफ हा शब्द अरबीतला, फारसीतून आपल्या दप्तरात आला. गुन्हा माफ आणि सारा (शेतजमिनीवरचा सरकारी कर) माफ, दोन्हीला तोच. १८०२ ते ०४ मध्ये होळकरांच्या फौजा आणि त्यापाठोपाठ दुष्काळ यांनी खानदेश उजाड केला, गावंच्या गावं ओस पडली. पडीक जमिनीवर माणूस परत आणायचा तर कौल द्यायचे, म्हणजे पहिल्या वर्षी सारा अगदी कमी आणि पुढं दरवर्षी चढता, त्याला इस्तावा म्हणत. १८१८ ला इंग्रज आले. सातपुड्यातले भिल्ल नुसत्या फौजेनं आवरेनात, तेव्हा मागचे गुन्हे माफ करायचे आणि त्याच माणसांना पगारी शिपाई करायचं असं धोरण आलं, १८२५ साली धरणगावला भिल्ल पलटण उभी राहिली. म्हणजे माफी मिळाली, पण बंदूक ज्याच्याविरुद्ध धरली होती त्याच्यासाठीच आता धरायची.

इंग्रजांच्या महसुलात दोन शब्द वेगळे होते. सूट म्हणजे सारा गेला तो गेला. तहकुबी म्हणजे आज भरू नको, पुढच्या वर्षी दोन्ही मिळून भर. पीक बुडालं की तहकुबी त्यातल्या त्यात लवकर मिळायची, सूट मिळायला मात्र वाट बघावी लागायची. १९३८ ला पूर्व खानदेशात ओला दुष्काळ पडला तेव्हा गावोगाव सभा झाल्या, कलेक्टर कचेरीवर मोर्चे गेले, त्यात अंमळनेरच्या शाळेतले एक माजी मास्तर पुढं होते (साने गुरुजी, वेगळं सांगायची गरज नाही). मागणी माफीची होती, तहकुबीची नाही.

स्वातंत्र्यानंतरचं भराभर. १९७५ चा राज्याचा कायदा, त्यात अल्पभूधारक, कारागीर, मजूर यांचं सावकाराचं कर्ज मोडीत काढलं. १९९० ला केंद्राची दहा हजारापर्यंतची कर्जमाफी. २००८ ला परत केंद्राची, दोन हेक्टरपर्यंतच्याला पूर्ण आणि वरच्याला ७५ टक्के भर मग २५ टक्के सोडतो. माफीसाठी आधी खिशात हात घालायचा हा प्रकार आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

खरा गुंता २०१७ पासून. जूनमध्ये शेतकरी संप झाला आणि मग रोज एक नवं विशेषण, सरसकट माफी, तत्त्वतः माफी, निकषांसह माफी. तत्त्वतः म्हणजे हो की नाही हे पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीच्या ओट्यावर कुणालाच सांगता येईना. शेवटी दीड लाखाची मर्यादा आली, वरच्यांना एकरकमी, म्हणजे दीड लाखाच्या वरचं तुम्ही आधी भरा. ऑनलाइन फॉर्म, नवराबायको दोघांचं आधार, अंगठा उमटेना म्हणून परत रांग, मग हिरवी यादी, म्हणजे पात्र ठरलेल्यांची. माफीचा फॉर्म भरायला माणूस दिवस दिवस सायबर कॅफेत बसलेला त्याआधी कधी दिसला नव्हता.

नोव्हेंबर २०१९ च्या शेवटाला सरकार बदललं आणि डिसेंबरात आलेल्या योजनेच्या नावातच मुक्ती आली. यामागं जुना वाद आहे. शेतकरी चळवळीतली मंडळी कितीतरी वर्षांपासून म्हणत होती की माफी गुन्हेगाराला करतात, आम्ही काय गुन्हा केला, भाव पाडले तुम्ही, कर्ज झालं त्याच्यामुळं, म्हणून मुक्ती म्हणा. मला हे म्हणणं पटतं. पण पाटी बदलली आणि आत काय, तर १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ मध्ये घेतलेलं कर्ज, ३० सप्टेंबर २०१९ ला थकलेलं पाहिजे, आणि मुद्दल-व्याज मिळून दोन लाखाच्या आत पाहिजे. वर एक रुपया गेला की बाहेर. आता केळीला हेक्टरी पीककर्ज कापसापेक्षा कितीतरी जास्त बसतं, म्हणजे रावेर-यावलचा केळीवाला जमीन थोडी असूनही मर्यादेबाहेर आणि कोरडवाहू कापूसवाला आत, असं झालं. निकष ठरवताना केळी कुणाच्या डोक्यात नव्हती हे उघड आहे.

त्यात नवं-जुनं. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी, मार्चअखेर आली की सोसायटीचा गटसचिव फोन करतो, भाऊ खातं नवं-जुनं करून घ्या. मग पाहुण्याकडून, नाहीतर आडत्याकडून, व्याजानंसुद्धा, आठ-पंधरा दिवसांसाठी पैसे आणायचे, जुनं कर्ज भरायचं, पावती घ्यायची, नवं कर्ज मंजूर झालं की ते उचलून पाहुण्याचे पैसे परत. कर्ज जिथल्या तिथं, वर पंधरा दिवसांचं व्याज गेलं, पण कागदावर माणूस चालू बाकीदार. ज्यानं असं केलं तो थकबाकीदार नाही, म्हणून मुक्तीही नाही. शेजारच्यानं पैसे नव्हते म्हणून खातं थकू दिलं त्याचं नाव यादीत. नियमित भरणाऱ्याला ५० हजारापर्यंत मिळाले, पण २०२२ च्या शेवटाला, तीनपैकी दोन वर्षं वेळेवर भरलेलं असलं तर, आणि त्याला नाव प्रोत्साहनपर लाभ. माफी नाही, मुक्ती नाही, शाबासकी. ज्यांनी बायकोची पोत गहाण ठेवून वेळेवर भरलं त्यांना हा शब्द कसा लागला असेल ते आपण समजू शकतो.

आणखी एक शब्द घोळ करतो, निर्लेखन. बँकेनं कर्ज निर्लेखित केलं म्हणजे बँकेनं आपल्या ताळेबंदातून ते काढलं, घेणाऱ्याचं देणं शाबूत, वसुलीही चालू. मोठ्या कंपन्यांची कर्जं 'माफ' झाली अशी बातमी येते तेव्हा बहुतेक वेळा हेच असतं. मोठ्याची माफी नसते हे खरं, पण त्याच्या दारात जप्तीची जीप लगेच जात नाही हेही खरंच आहे.

उलट्या बाजूचे शब्द सगळ्यांना पाठ आहेत, १०१ चा दाखला (सहकार कायद्यातला वसुलीचा), जप्ती, सातबाऱ्यावर बोजा. माफी झाली तरी इतर हक्कातला बोजा आपोआप उतरत नाही, त्यासाठी सोसायटीचा बेबाकी दाखला आणून तलाठ्याकडं फेरफार करावा लागतो, तो होईपर्यंत दुसरी बँक उभी करत नाही. सातबारा कोरा ही घोषणा म्हणूनच एवढी चालते, त्यात माफी-मुक्तीचा वादच नाही, इतर हक्काचा रकाना रिकामा पाहिजे एवढंच.

ऑक्टोबर २०२५ ला नागपूरच्या आंदोलनानंतर ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ असं सांगण्यात आलं, आणि बोलण्यात शब्द पुन्हा कर्जमाफी. ही तारीख मार्चअखेरच्या पुढची होती, म्हणजे नवं-जुनं करायचं की खातं थकू द्यायचं हे शेतकऱ्यानं निकष कळायच्या आधीच ठरवायचं, असं तेव्हा दिसत होतं.