काच, आटे आणि रंगाचे थर

1962 साली फ्रान्समधल्या ल मॉंच्या 24 तासांच्या शर्यतीत एक लाल फेरारी उतरली. पुढून बुटकी आणि निमुळती. मागे मात्र तिचं छप्पर सरळ शेपटीपर्यंत गेलेलं आणि तिथे सुरीने कापल्यासारखं उभं संपलेलं. इंग्लिश पत्रकारांनी तिचं नाव ठेवलं ‘ब्रेडव्हॅन’, घरोघर पाव पोचवणारी गाडी. एन्झो फेरारीने शर्यतींचा संघ चालवणाऱ्या काउंट जोव्हानी व्होल्पीला शर्यतीसाठीची नवी 250 जीटीओ विकायला नकार दिला, तेव्हा व्होल्पीने आपल्याकडची आखूड सांगाड्याची 250 जीटी एसडब्ल्यूबी जोत्तो बिझारिनीच्या हवाली केली. बिझारिनी नुकताच फेरारीतून बाहेर पडलेला, जीटीओवर काम केलेला इंजिनिअर. त्याने इंजिन खाली आणि मागे सरकवलं, आणि पिएरो द्रोगोच्या कारखान्यात त्या सांगाड्यावर हा नवा पत्रा चढला. अशी गाडी त्याआधी नव्हती, त्यानंतरही झाली नाही.

आता समजा, हिचे सगळे कागद हरवले. बोधचिन्ह निखळलं, नंबराची पट्टी गेली, फोटो कुठेच नाही. बंद गोदामातून अशी एखादी अनोळखी स्पोर्ट्‌स कार निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे मॉडेल कोणतं? माझ्या मते सुरुवातच इथे चुकते. एकच नग घडवलेल्या गाडीला मॉडेल नसतं. तिच्या कारागिराला काय बदलता आलं नाही, आणि काय बदलायची त्याला गरजच वाटली नाही, हे शोधायचं असतं.

बदलता न येणाऱ्या गोष्टींत पहिली येते समोरची काच. पत्रा हाताने ठोकून हवा तसा वळवता येतो. लाकडी साच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा घडवणं हे लहान कारखान्यातल्या चांगल्या कारागिराचं नेहमीचं काम. पण दोन्ही दिशांनी वळलेली काच बनवायची तर साचा आणि भट्टी लागते, शिवाय दोन काचांमध्ये पारदर्शक पडदा चिकटवण्याची सोय लागते. एका गाडीसाठी हा खटाटोप सहसा कोणी करत नाही. बाजारात मिळणारी एखाद्या चालू गाडीची काच घेतली जाते आणि छप्पर, खांब, दारं तिच्याभोवती आखली जातात. म्हणून अनोळखी गाडीच्या काचेची रुंदी, मधली उंची आणि वळणाची खोली मोजून ठेवावी. मूळ गाडी कोणती याचा धागा बऱ्याचदा इथेच हाती लागतो.

दिवे आणि दाराच्या मुठी यांचंही तसंच. नावाजलेल्या गाड्याही इथे उसनवारी करतात: लोटस एस्प्रीच्या पहिल्या आवृत्तीला मागचे दिवे फियाट एक्स वन-नाइनचे होते आणि दाराच्या मुठी मॉरिस मरीनाच्या.

दुसरी गोष्ट व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर. वरचा पत्रा कितीही बदलला तरी हे अंतर सहसा तेच राहतं, कारण ते बदलायचं तर सांगाडा कापावा लागतो. इथे मला एक साधी युक्ती फार आवडते. मोजमाप मिलिमीटरमध्ये घ्या, मग इंचांत करा आणि पूर्णांक कुठे येतो ते बघा. 2438 मिमी म्हणजे बरोबर 96 इंच: जॅग्वार ई-टाइप. 2286 मिमी म्हणजे 90 इंच: एसी एस किंवा कोब्रा. उलट 2400, 2600, 2100 असा गोल आकडा मिलिमीटरमध्येच आला, तर गाडी युरोपच्या मुख्य भूमीवर आखलेली असण्याची शक्यता जास्त. पहिले दोन आकडे फेरारी 250 घराण्याचे, तिसरा पोर्शे 356 चा. आखणाऱ्याच्या हातात कोणती मोजपट्टी होती हे असं कळतं.

पोर्शे 911 मध्ये हीच तपासणी आणखी बारीक होते. 1969 च्या मॉडेलपासून कंपनीने मागची चाकं मागे नेली आणि व्हीलबेस 2211 वरून 2268 मिमी झाला. नंतरच्या गाडीला जुने बंपर आणि जुने दिवे लावून 1965 सालचं रूप देता येतं, पण ते 57 मिमी लपत नाहीत. फेरारीत कापाकापीचे पुरावे सापडतात. चार जणांना बसता येणाऱ्या 250 जीटीईचा व्हीलबेस 2600 मिमी. कितीतरी जीटीई मोडून त्यांच्यावर जीटीओच्या नकला चढवल्या गेल्या, आणि जीटीओचा व्हीलबेस आहे 2400. मधले 200 मिमी कुठेतरी कापलेले असतात. सांगाड्याच्या नळ्यांवर वेल्डिंगची ती जागा बोटाला लागते, घासून काढली असेल तर एक्स-रेमध्ये दिसते.

मग येतो चेसिस नंबर, म्हणजे सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक. आज जगभर वापरला जाणारा 17 अक्षरांचा क्रमांक 1981 मॉडेलपासून अमेरिकेत सक्तीचा झाला. त्यात आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरं येत नाहीत, कारण ती 1 आणि 0 शी गोंधळतात. त्याआधी प्रत्येक कारखान्याची रीत वेगळी. फेरारी त्या काळात रस्त्यावरच्या गाड्यांना विषम आणि निव्वळ शर्यतीच्या गाड्यांना सम क्रमांक देई. ब्रेडव्हॅनचा क्रमांक 2819 जीटी. विषम आहे, म्हणजे तिचा जन्म रस्त्यावरच्या जीटी गाड्यांच्या रांगेतला, मागचं अंग कितीही वेगळं असो.

आणि नंबर घासून टाकला असेल तर? या सगळ्या तपासातला मला सर्वात विलक्षण वाटणारा भाग इथे सुरू होतो. पोलादावर आकड्याचा ठसा हातोड्याने मारला जातो तेव्हा दिसणाऱ्या खाचेपुरतंच काम होत नाही. खाचेच्या खालचे धातूचे स्फटिकही चेपले जातात, त्यांच्यातल्या अणूंच्या रांगा विस्कटतात. ही विस्कट खाचेच्या तळाच्याही बरीच खाली जाते. वरून कानस फिरवली की आकडा जातो, पण पृष्ठभाग चकचकीत दिसत असतानाही त्याखालचा ताणलेला भाग शिल्लक असतो. ताणलेल्या धातूत जास्त ऊर्जा साठलेली असते, म्हणून आम्ल त्याला आजूबाजूच्या धातूपेक्षा लवकर खातं. क्युप्रिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचं द्रावण, ज्याला फ्रायचं द्रावण म्हणतात, कापसाच्या बोळ्याने हळूहळू चोळत राहिलं की पुसलेला आकडा फिकट छटेत वर येतो. कधी क्षणभरच दिसतो, म्हणून कॅमेरा आधीच रोखून ठेवावा लागतो. ॲल्युमिनियमला वेगळी रसायनं लागतात. आणि हे काम प्रयोगशाळेतल्या जाणकाराचंच. पुरावा एकदा आम्लाने खाल्ला की परत येत नाही.

धातूला अजिबात इजा न करणारी रीतही आहे. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या काचेतून जाताना प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरते, हे मायकेल फॅरेडेने 1845 साली दाखवलं. आज गार्नेट या स्फटिकाच्या पातळ पडद्याचा संवेदक पोलादावर टेकवून याच परिणामातून पृष्ठभागाखालच्या विस्कटीचं चित्र काढतात. एखाद्या गाडीचा नंबर असलेला चौकोनी तुकडा कापून दुसऱ्या गाडीत बसवला असेल, तर त्याच्या चारही कडांची वेल्डिंगची रेघ या चित्रात उमटते. मग आकडा कितीही खरा असो, गाडी त्याची नसते.

बदलायची गरजच वाटली नाही अशा गोष्टींत नट-बोल्ट पहिले. इंग्लिश इंजिनिअर जोसेफ व्हिटवर्थने 1841 साली ठरवलेल्या आट्यांचा कोन 55 अंशांचा, मेट्रिक आणि अमेरिकन आट्यांचा 60. आटे मोजायची छोटी पट्टी बोल्टला लावली की हे लगेच कळतं. त्यातही एमजी या इंग्लिश कंपनीच्या 1940 च्या दशकातल्या टीसी या स्पोर्ट्‌स कारचं इंजिन म्हणजे ओळख पटवणाऱ्याला मिळालेली देणगी. बोल्टच्या डोक्याला व्हिटवर्थचा पाना बसतो, पण आटे निघतात मेट्रिक. कारण एमजीला इंजिनं देणाऱ्या मॉरिसने 1923 साली कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना घेतला, तिथली यंत्रं मेट्रिक होती आणि बाहेर पाने मिळत होते ते इंग्लिश. अनोळखी गाडीत असा बोल्ट सापडला, तर इंजिनाचं गोत्र जवळपास ठरलंच. उलट 1950 सालच्या म्हणवल्या जाणाऱ्या सांगाड्यातल्या बोल्टच्या डोक्यावर 8.8 असं कोरलेलं दिसलं, तर तो बोल्ट नंतरचा. बोल्टची ताकद सांगणारी ही खूण तेव्हा प्रचारात नव्हती.

बऱ्याच सुट्या भागांवर तारीखही असते. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या विजेच्या भागांवर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. जनरल मोटर्सच्या ओतीव इंजिनांवर महिन्याचं अक्षर, दिवस आणि वर्षाचा शेवटचा आकडा: ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी. या तारखा एका कागदावर उतरवून काढल्या की उत्खननात नाण्यांवरून थराचा काळ ठरवतात तसा तर्क लावता येतो. भाग गाडीपेक्षा थोडा जुना असणार, नवा असेल तर मागून बसवलेला. पाच-सात तारखा दोन-तीन महिन्यांच्या आत जमल्या तर मूळ गाडीचा जन्म तिथे. आणखी चार वर्षांनंतरच्या तारखांचा दुसरा झुबका दिसला, तर बहुधा तेव्हाच तिचं रूप बदललं.

हे सगळं झाल्यावर रंगाकडे यावं. दुर्दैवाने लोक उलट करतात. गाडी मिळाली की पहिल्याच आठवड्यात पत्रा उघडा पडेपर्यंत घासतात, आणि हे पाहून जीव कळवळतो. दाराच्या आतल्या कडेचा तिळाएवढा कपचा राळेत बसवून, आडवा घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की प्राइमर आणि रंगांचे थर क्रमाने दिसतात. अवरक्त किरणांनी त्यांचं रसायन कळतं. 1920 च्या दशकात मोटारींवर आलेला नायट्रोसेल्युलोज लॅकर वेगळा, बऱ्याच नंतरचा दोन घटकांचा पॉलियुरेथेन वेगळा. बदललेल्या मागच्या भागावर चारच थर आणि पुढच्या भागावर सात असतील, तर मागचा पत्रा तीन रंगांनंतर आला. पत्र्याखाली शिसं भरलेलं असेल तर काम जुन्या पद्धतीचं, पॉलिस्टर पुट्टी असेल तर 1950 च्या दशकाच्या मध्यानंतरचं.

सीटच्या चामड्यालाही काळ कळतो. 1950 च्या दशकापासून झालेल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-14 हा किरणोत्सारी कार्बन 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला जवळजवळ दुप्पट झाला, मग हळूहळू उतरला. त्यानंतर जगलेल्या जनावराच्या कातड्यात ती खूण असते. 1938 सालचं म्हणवलं जाणारं चामडं या एका चाचणीत उघडं पडू शकतं.

एवढं करूनही एक प्रश्न उरतो, तो प्रयोगशाळेच्या पलीकडचा. 1929 आणि 1930 साली ल मॉं जिंकणारी बेंटली स्पीड सिक्स, ‘ओल्ड नंबर वन’, पुढे इतकी बदलत गेली की तिच्यात विजयाच्या वेळचे भाग फारच थोडे उरले. 1990 साली एक कोटी पौंडांच्या सौद्यावरून वाद लंडनच्या उच्च न्यायालयात गेला: ही खरी ती आहे का? ही गाडी कधी मोडून संपली नाही, तिचं अस्तित्व सलग राहिलं, भाग एकेक करून बदलत गेले, म्हणून तिला ते नाव लावण्याचा हक्क आहे, असा निकाल लागला.

ब्रेडव्हॅनला पुन्हा 1961 सालचं एसडब्ल्यूबीचं रूप देणं अवघड नव्हतं. नंबर होता, 2400 मिमीचा सांगाडा होता. तसं कोणी केलं नाही. जुन्या गाड्यांच्या शर्यतींत ती आजही त्याच कापलेल्या शेपटीसह धावते.