कॅफीनचा हिशेब घड्याळाने मांडा

"दिवसाला चार कप कॉफी चालते" हे वाक्य आता इतकं पसरलंय की लोक ते आरोग्याचा नियम म्हणून एकमेकांना ऐकवतात. त्याच्या मुळाशी खरा आकडा आहे, पण इथवर येईपर्यंत त्याच्या सगळ्या अटी गळून पडल्या आहेत. युरोपियन अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2015 मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला आणि सांगितलं की निरोगी प्रौढ माणसाने दिवसभरात मिळून 400 मिलिग्रॅमपर्यंत आणि एका वेळी 200 मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन घेतलं, तर काळजीचं कारण दिसत नाही. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासनही प्रौढांसाठी 400 हाच आकडा देतं. युरोपचा आकडा 70 किलो वजनाचा माणूस धरून काढलेला आहे, म्हणजे किलोमागे साधारण 5.7 मिलिग्रॅम. त्याच हिशेबाने 50 किलोच्या माणसाची मर्यादा 285 मिलिग्रॅमवर येते. चारातला एक कप इथेच कमी झाला.

शिवाय कप हे काही मोजमाप नव्हे. फिल्टरमधून गाळलेल्या 240 मिलिलिटर कॉफीत सरासरी 95 मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन असतं, पण बियांची जात, पावडरचं प्रमाण आणि पाणी किती वेळ मुरलं यावर ते 70 होतं किंवा 140. तेवढ्याच चहात साधारण 30 ते 50. कोलाच्या 355 मिलिलिटरच्या कॅनमध्ये 35च्या आसपास, 250 मिलिलिटरच्या एनर्जी ड्रिंकमध्ये बहुतेक वेळा 80. कॅफीन काढून टाकलेल्या कॉफीतही थोडं उरतंच. हे आकडे अंदाजापुरते ठीक आहेत. पण माझ्या मते "किती प्यायलं" हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा म्हणजे ते शरीरातून किती वेळात जातं, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आधी कॅफीन करतं काय, ते थोडक्यात. पेशी ऊर्जेसाठी एटीपी नावाचा रेणू वापरतात आणि त्याच्या मोडतोडीतून अ‍ॅडिनोसिन तयार होतं. आपण जितका वेळ जागे, तितकं मेंदूत ते साठत जातं. ते पेशीवरच्या आपल्या ठरलेल्या जागेवर, म्हणजे रिसेप्टरवर, जाऊन बसलं की चेतापेशी मंदावतात आणि झोप यायला लागते. कॅफीनचा आकार अ‍ॅडिनोसिनशी इतका मिळताजुळता आहे की ते त्याच खुर्चीवर जाऊन बसतं, मात्र मंदावण्याचा निरोप पुढे देत नाही. अ‍ॅडिनोसिन बिचारं बाहेर ताटकळत राहतं. थकवा गेलेला नसतो, त्याची खबर तेवढी अडवलेली असते. त्यामुळे खुर्ची कधी रिकामी होते, यावर सगळं अवलंबून आहे, आणि ते ठरतं यकृतात.

कॅफीनच्या रेणूला तीन मिथिल गट (कार्बन आणि हायड्रोजनचे छोटे तुकडे) चिकटलेले असतात. यकृतातलं सीवायपी1ए2 नावाचं एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) हे गट एकेक करून तोडतं, आणि कॅफीन शरीराबाहेर काढण्याचं 90 टक्क्यांहून जास्त काम हे एकटं एन्झाइम करतं. सुमारे 84 टक्के कॅफीनचं पॅराझँथिन होतं, 12 टक्क्यांच्या आसपास थिओब्रोमिन (चॉकलेटमध्ये असतं तेच) आणि उरलेल्याचं थिओफिलिन, जे दम्यावर औषध म्हणून दिलं जातं. पॅराझँथिन हेही अ‍ॅडिनोसिनची जागा अडवतं, म्हणजे कॅफीन मोडलं तरी त्याचा असर लगेच संपत नाही. पण ती गुंतागुंत तूर्त बाजूला ठेवू.

निरोगी प्रौढांमध्ये रक्तातलं कॅफीन निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात. हा त्याचा अर्धायुकाल. सरासरी पाच खरी, पण माणसामाणसांत तो दीड तासापासून साडेनऊ तासांपर्यंत आढळतो. हा फरक केवढा, ते आकडे मांडल्यावरच कळतं. समजा तिघांनी सकाळी 8, 11, दुपारी 2 आणि संध्याकाळी 5 वाजता प्रत्येकी 100 मिलिग्रॅम कॅफीन घेतलं. प्रत्येकाचे बरोबर 400. रात्री 11 वाजता कुणाच्या अंगात किती उरलं? अर्धायुकाल पाच तासांचा असेल तर सकाळच्या कपातलं 12, अकराच्या कपातलं 19, दोनच्या कपातलं 29 आणि पाचच्या कपातलं 44 मिलिग्रॅम शिल्लक असतं, एकूण 104. म्हणजे सरासरी माणूससुद्धा झोपताना एक पूर्ण कप अंगात घेऊन झोपतो. अर्धायुकाल तीन तासांचा असेल तर हीच बेरीज 47 येते. आणि काही कारणाने लांबून दहा तासांचा झाला असेल तर 198.

त्या तिसऱ्या माणसाचं पुढे काय होतं पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळी 8 वाजता, पहिला घोट घेण्याआधीच त्याच्या अंगात 106 मिलिग्रॅम असतं. त्यावर नवे चार कप. काही दिवसांत ही शिल्लक एका पातळीवर स्थिरावते आणि रोज रात्री 11 वाजता तो 245 मिलिग्रॅमच्या आसपास घेऊन अंथरुणावर पडतो. कागदावर मर्यादा तिघांनीही पाळली आहे. पण झोप न येणं, छातीत धडधडणं, हात थरथरणं अशा तक्रारी तिसरा घेऊन येईल आणि त्याला कुणीतरी सांगेल, "चार तर कप घेतोस, त्याने काय होतंय!"

झोपेबद्दल स्वतःच्या अंदाजावरही फार विसंबू नये. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी 400 मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तरी यंत्राने मोजलेली झोप तासाभराहून जास्त घटली होती. "मला कॉफीने काही होत नाही, पडल्या पडल्या झोप लागते" म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा. झोप लागणं आणि झोप पुरी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एन्झाइमचा वेग काही अंशी जनुकांवर ठरतो, पण तो आयुष्यभर एकच राहत नाही. सिगारेटचंच उदाहरण घ्या. तंबाखूच्या धुरातली बहुचक्री हायड्रोकार्बन संयुगं यकृताच्या पेशीतल्या एका रिसेप्टरला जागं करतात आणि पेशी सीवायपी1ए2 जास्त प्रमाणात बनवू लागते. त्यामुळे धूम्रपान करणाऱ्यांमध्ये कॅफीन जवळपास दुप्पट वेगाने साफ होतं. हा प्रताप धुराचा आहे, निकोटिनचा नव्हे. आता असा माणूस सिगारेट सोडतो आणि निकोटिनचं च्युइंगम धरतो. निकोटिन चालू, पण धूर बंद. काही दिवसांतच एन्झाइम मूळ पातळीवर येतं आणि कॉफी तेवढीच घेऊनही रक्तातलं कॅफीन दुपटीच्या आसपास जातं. मग अस्वस्थ वाटतं, झोप उडते, चिडचिड होते. दोष सिगारेट सोडण्याला दिला जातो आणि माणूस पुन्हा सिगारेटकडे वळतो. सिगारेट सोडताना कॉफी निम्मी करा, हा सल्ला प्रत्येकाला मिळायला हवा असं मला फार वाटतं.

उलट बाजूला गर्भनिरोधक गोळ्या आहेत. त्यांनी अर्धायुकाल साधारण दुप्पट होतो. फ्लूव्हॉक्सामीन हे नैराश्यावरचं औषध तो कित्येक पटींनी लांबवतं, सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखं प्रतिजैविकही एन्झाइमच्या कामात अडथळा आणतं. क्लोझापीन हे मनोविकारावरचं औषध तर याच एन्झाइमच्या वाट्याला येतं, त्यामुळे कॉफी अचानक वाढवली तर रक्तात औषधाचीच पातळी वर जाऊ शकते. या गोळ्या चालू असतील तर कॉफीचं प्रमाण डॉक्टरांना जरूर सांगावं.

गरोदरपणात एन्झाइम महिन्यागणिक मंदावतं आणि शेवटच्या तिमाहीत अर्धायुकाल 15 तासांपर्यंत जाऊ शकतो. वरचाच हिशेब इथे करू. सकाळी 8 आणि दुपारी 2 वाजता मिळून फक्त 200 मिलिग्रॅम घेतलं, तरी रात्री 11 वाजता 116 उरतं, म्हणजे 400 घेणाऱ्या सरासरी माणसापेक्षा जास्त. कॅफीन नाळेतून सहज पलीकडे जातं आणि गर्भाच्या यकृतात ते मोडायची सोय जवळपास नसतेच. जास्त कॅफीन आणि बाळाचं कमी वजन यांचा संबंध अभ्यासांत दिसल्यामुळे गरोदर स्त्रियांसाठी युरोपने दिवसाची मर्यादा 200 ठेवली आहे.

नवजात बाळात तर हा अर्धायुकाल 80 ते 100 तासांच्या घरात असतो. आणि तरीही नवजात अतिदक्षता विभागात वेळेआधी जन्मलेल्या बाळांना कॅफीन औषध म्हणून देतात! या बाळांचा श्वास मध्येच थांबतो. मेंदूतल्या श्वसनकेंद्राला अ‍ॅडिनोसिनने घातलेला लगाम कॅफीन सैल करतं. पहिला डोस किलोमागे 10 मिलिग्रॅम कॅफीनचा, म्हणजे प्रौढांच्या दिवसाच्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट, आणि पुढे दिवसातून एकच छोटा डोस पुरतो, कारण आधीचं अजून अंगातच असतं. एकच रेणू एकाला औषध, दुसऱ्याला तरतरी आणि तिसऱ्याला जागरण, ते याच हिशेबामुळे.

इथे एका प्रचाराचा समाचार घ्यायलाच हवा. ग्वाराना या वनस्पतीच्या बियांचा किंवा हिरव्या चहाचा अर्क घातलेली पेयं "नैसर्गिक कॅफीन" म्हणून सौम्य असल्याच्या थाटात विकली जातात. रेणू तोच, एन्झाइम तेच, अर्धायुकाल तोच. बीतून आलेल्या आणि कारखान्यात बनवलेल्या कॅफीनमध्ये यकृत भेद करत नाही. तसाच दुसरा समज म्हणजे कॉफीने दारू उतरते. रक्तातला अल्कोहोल त्याने एका थेंबानेही कमी होत नाही. माणसाला आपण शुद्धीवर आहोत असं वाटतं आणि तो गाडी चालवायला बसतो, हे जास्त धोक्याचं.

खरा जीवघेणा धोका कॉफीच्या कपात सहसा नसतो, तो शुद्ध कॅफीनच्या पावडरीत असतो. गरम पेय पिताना पोट भरतं, मळमळ होते, वेळ जातो, आणि ते थांबणंच आपल्याला वाचवतं. पावडरीचा एक लहान चमचा म्हणजे तीन ग्रॅमच्या आसपास, तीसेक कपांइतकं कॅफीन एका घोटात. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या माहितीनुसार 1,200 मिलिग्रॅम भराभर घेतलं तरी झटके येऊ शकतात. मोठ्या डोसला एन्झाइमही पुरं पडत नाही, त्यामुळे अर्धायुकाल आणखी लांबतो. रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाची लय बिघडते. व्यायामाआधी घ्यायच्या पावडरी वापरणाऱ्यांनी चमच्याच्या मापावर भरवसा ठेवू नये.

मुलांसाठी युरोपने किलोमागे 3 मिलिग्रॅम हा आधार सुचवला आहे. 25 किलोच्या मुलाचे 75 होतात, म्हणजे एनर्जी ड्रिंकच्या एका छोट्या कॅनमध्येच ते ओलांडले जातात.

आपला अर्धायुकाल घरी मोजता येत नाही, पण शेवटचा कप दुपारी बारापर्यंत आणून पंधरा दिवस झोप कशी लागते ते पाहता येतं. एकूण प्रमाण कमी करायचं असेल तर दर काही दिवसांनी थोडं थोडं करावं. रोजच्या सवयीने मेंदूची अ‍ॅडिनोसिनबद्दलची संवेदनशीलता वाढलेली असते, त्यामुळे एकदम बंद केलं की 12 ते 24 तासांत डोकं दुखायला लागतं. एक-दोन दिवसांत ते सर्वांत जास्त दुखतं आणि हा त्रास आठवडाभरही रेंगाळू शकतो. अशा वेळी डोकेदुखीची गोळी घेताना तिच्या पाकिटावरचे घटक वाचावेत. काही गोळ्यांमध्ये कॅफीनच असतं. तिने डोकं चटकन थांबतं खरं, पण सोडण्याचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात.