आदित्य आणि पार्कर: एक सूर्य बघतं, दुसरं त्याला शिवून येतं

‘आदित्य सूर्याजवळ जाऊनही वितळलं कसं नाही?’ हा प्रश्न इस्रोच्या ‘आदित्य’ यानाबद्दल अजूनही कानावर येतो. उत्तर सोपं आहे: ते सूर्याजवळ गेलेलंच नाही. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किमी दूर, आणि ‘आदित्य-एल१’ पृथ्वीपासून १५ लाख किमीवर. म्हणजे वाटेचा शंभरावा हिस्सा! सूर्याला खरोखर शिवून, म्हणजे त्याच्या बाहेरच्या वातावरणात शिरून आलं ते नासाचं ‘पार्कर’ यान.

मग इस्रोने आदित्य तिथेच का थांबवलं? कारण एल१ हा सूर्य-पृथ्वीच्या रेषेवरचा असा बिंदू, जिथे यान पृथ्वीच्या सोबतीनेच फिरत राहतं; त्याभोवतीच्या कक्षेतून सूर्य अखंड दिसतो, पृथ्वी किंवा चंद्र मध्ये येत नाही. ६ जानेवारी २०२४ पासून ते तिथे आहे. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेने घडवलेली त्यावरची ‘सूट’ दुर्बीण सूर्याची अख्खी तबकडी अतिनील प्रकाशात टिपते. हा प्रकाश बहुतांश ओझोनच्या थरातच अडतो, जमिनीवरून तो बघायची सोयच नाही. आपल्या पुण्यातलं हे काम आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पार्करचं दुखणं वेगळंच. त्याच्याकडे सूर्याकडे रोखलेला कॅमेराच नाही; एकुलता एक कॅमेरा बाजूला बघतो. बाकीची उपकरणं अंगावरून वाहणारे सौरवारे, म्हणजे सूर्यातून सुटणारे कणांचे झोत, मोजतात. समोर असते ती कार्बनची ढाल: जेमतेम साडेअकरा सेंटीमीटर, अर्ध्या वितीएवढी जाड. आतल्या फेसात ९७ टक्के हवाच, सूर्याकडची बाजू पांढरी. पुढे हजार अंशांच्या वर ताप, मागे उपकरणं खोलीतल्यासारख्या उबेत. सौरपॅनेल थंड ठेवायला नळ्यांतून फिरतं ते पाणीच, जेमतेम चार-पाच लिटर.

आणि सूर्याकडे ‘पडणं’ सोपं नसतं. पृथ्वीकडून मिळालेला सेकंदाला ३० किमीचा आडवा वेग आधी मोडावा लागतो. त्यासाठी, शुक्राच्या ओढीने वेग कमी करत, पार्कर सात वेळा त्याच्याजवळून गेलं.

२४ डिसेंबर २०२४ ला ते सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किमीवर होतं, वेग ताशी सुमारे ६ लाख ९० हजार किमी. तेव्हा संपर्क नव्हता. ढाल जरा कलली तर सावरायचं यानानेच, कारण सूर्याजवळून संदेश पृथ्वीवर यायलाच आठ मिनिटं लागतात. दोन दिवसांनी, अमेरिकेत २६ तारखेची रात्र असताना, त्याचा बारीकसा संकेत आला: मी ठीक आहे.