दीडपटीचा तिढा: लिनक्सवरील स्क्रीन स्केलिंगची पार्श्वभूमी

स्केल (अक्षरे आणि खिडक्या मूळ आकाराच्या किती पट दिसाव्यात ते प्रमाण) १०० टक्के ठेवले तर अक्षरे बारीक, २०० टक्के केले तर खिडक्या मावत नाहीत आणि मधला आकडा निवडला की काही प्रोग्राम धूसर. लिनक्स वापरणाऱ्यांची ही तक्रार जुनी आहे. दोष बहुतेक वेळा ग्राफिक्स ड्रायव्हरला दिला जातो, पण खरे कारण स्क्रीन मोजण्याबाबत घेतल्या गेलेल्या काही निर्णयांत आहे.

एक्स११ ही लिनक्सवर खिडक्या दाखवणारी जुनी प्रणाली १९८७ ची. त्यात सगळे मॉनिटर मिळून एकच मोठा पट होतो आणि त्या पटाला डीपीआय, म्हणजे इंचामागे पिक्सेलची संख्याही एकच. स्क्रीन प्रत्यक्षात किती मिलिमीटरची आहे हे मॉनिटर ईडीआयडीतून (संगणकाला स्वतःची माहिती देणाऱ्या नोंदीतून) कळवतो खरा, पण त्यावर विसंबणे कठीण होते. काही उपकरणे खऱ्या मापाऐवजी १६० बाय ९० मिलिमीटर, म्हणजे नुसते गुणोत्तरच कळवत. २००९ मध्ये एक्स११ चालवणाऱ्या एक्स सर्व्हरच्या १.७ आवृत्तीपासून मोजमाप बाजूला ठेवून सरसकट ९६ डीपीआय धरले जाऊ लागले. तेव्हाच्या मॉनिटरना ते चालून जाई.

२०१२ मध्ये १५.४ इंची स्क्रीनवर २८८०×१८०० पिक्सेल देणारे लॅपटॉप आले. आधीच्या १४४०×९०० च्या बरोबर दुप्पट. पुढच्याच वर्षी एक्सची जागा घेऊ पाहणाऱ्या वेलँडच्या मूळ प्रोटोकॉलमध्ये (प्रोग्राम आणि डेस्कटॉप यांच्यातील संवादाच्या नियमांत) मॉनिटरगणिक स्केल सांगण्याची सोय झाली. एक्समध्ये नसलेली ही गोष्ट वेलँडमध्ये अशी आली. मात्र हे स्केल पूर्णांकच ठेवले गेले: १, २, ३. प्रोग्रामांच्या खिडक्या-बटणे बनवणाऱ्या जीटीके या टूलकिटनेही ३.१० मध्ये तोच मार्ग धरला.

वाद आहे तो या पूर्णांकाचा. पूर्णांकाच्या बाजूने दिलेले कारण पोकळ नव्हते. एक पिक्सेल जाडीची रेघ दीडपट केली तर अर्धा पिक्सेल कुठे ठेवायचा? टूलकिटमधील सगळी मापे पूर्णांकांत होती. अपूर्णांक आणले असते तर खिडक्यांच्या कडा आणि अक्षरे डळमळली असती. पण बाजारातल्या स्क्रीन काही दुपटीच्या हिशोबाने बनत नव्हत्या. १४ इंची फुल एचडी लॅपटॉपवर इंचाला सुमारे १५७ पिक्सेल बसतात, २७ इंची फोर-के मॉनिटरवर १६३. ९६ शी तुलना केली तर दोन्हींची गरज दीडपट ते पावणेदोनपट. बाजारात सर्रास दिसणाऱ्या या मापांना एकही सरळ पर्याय उरला नाही, आणि प्रोटोकॉलचा साधेपणा जपण्याची ही किंमत फार मोठी होती.

मग मधला मार्ग निघाला: प्रोग्रामने दुप्पट आकारात चित्र काढायचे आणि कंपोझिटरने (सगळ्या खिडक्या एकत्र करून स्क्रीनवर दाखवणाऱ्या प्रोग्रामने) ते लहान करायचे. जीनोम या डेस्कटॉपच्या ३.३२ आवृत्तीत, मार्च २०१९ ला, ही सोय प्रायोगिक म्हणून आली. फोर-के स्क्रीनवर १५० टक्के निवडले की चित्र आधी ५१२०×२८८० चे बनते आणि मग ३८४०×२१६० मध्ये बसवले जाते. म्हणजे पावणेदोनपटीहून जास्त पिक्सेल रंगवायचे आणि तरीही अक्षरांची धार थोडी जायचीच.

नोव्हेंबर २०२२ मध्ये अपूर्णांक स्केलसाठी वेगळा प्रोटोकॉल आला. त्यात स्केल १२० व्या भागांत सांगतात: सव्वापट म्हणजे १५०, दीडपट म्हणजे १८०. प्रोग्राम थेट हव्या त्या आकारात चित्र काढतो, लहान करण्याची पायरी उरत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्लाझ्मा ५.२७ या डेस्कटॉपने आणि मार्च २०२४ मध्ये जीटीके ४.१४ ने तो उचलला.

धूसरपणा आता मुख्यतः एक्सवेलँडमधून (एक्ससाठीचे प्रोग्राम वेलँडवर चालवणाऱ्या सोयीतून) चालणाऱ्या जुन्या प्रोग्रामांत दिसतो, कारण त्यांना स्केल कळतच नाही. प्लाझ्मा ५.२६ मध्ये अशा प्रोग्रामांना स्वतःच आकार वाढवू देण्याचा पर्याय आला. जीनोम ४७ मध्ये तो सप्टेंबर २०२४ ला प्रायोगिक स्वरूपात मिळाला.

जुने उपाय मात्र अजून फिरत आहेत. स्क्रीनची मांडणी बदलणारी एक्सरँडआर ही एक्सची कमांड वेलँड सत्रात फक्त एक्सवेलँडशी बोलते, त्यामुळे तिने मॉनिटरचे खरे स्केल बदलत नाही. जीटीके किंवा क्यूटी या टूलकिटचे स्केल ठरवणारे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्राम सुरू होताना वाचतो ती सेटिंग) पूर्वी कधी प्रोफाइल फाइलमध्ये लिहून ठेवले असेल, तर काही प्रोग्रामांत डेस्कटॉपच्या स्केलवर तेही चढू शकते आणि त्यांच्या खिडक्या अवाढव्य होतात. नवे स्केल निवडण्याआधी त्या ओळी काढाव्यात आणि पुन्हा लॉगिन करावे.