छोट्या सेवा कंपन्यांमधली वेठबिगारी आणि ती रोखणं

हाउसकीपिंग, सिक्युरिटी, कँटीन, ऑफिस बॉय असली कामं पुरवणाऱ्या छोट्या कंपन्यांकडे, आणि त्यांना माणसं किंवा माल देणाऱ्या ठेकेदारांकडे, कुणाला कर्जापायी, धाकानं किंवा फसवून कामाला जुंपलेलं नाही ना हे बघायचं आणि तसं कुणी सापडलं तर त्याला सोडवायचं, एवढा हा विषय आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात २ कोटी ७६ लाख लोक सक्तीच्या मजुरीत होते आणि त्यातले बहुतेक सरकारी नाही तर खाजगी कामांवर होते. वेठबिगारी म्हटलं की आपल्याला वीटभट्टी नाहीतर उसाचा फड आठवतो, शहरातल्या काचेच्या बिल्डिंगमध्ये लादी पुसणारा माणूस डोळ्यासमोर येत नाही, आणि नेमकी तिथेच ती नजरेतून सुटते.

कशी घुसते

सुरुवात बहुतेक वेळा उचलीनं, म्हणजे कामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांनी होते. ठाणे, पालघर, रायगडमध्ये कातकरी कुटुंबं पावसाळ्यात हातात पैसा नसताना वीटभट्टीवाल्याकडून पैसे घेतात आणि पुढचा अख्खा सीझन ते फेडत बसतात, ऊसतोडीत मुकादम नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, आधी उचल देतो आणि ती फिटली नाही की पुढच्या वर्षी परत त्याच्याकडेच जावं लागतं. शहरात हाच प्रकार जरा वेगळ्या कपड्यात येतो. गावाकडून पोरं आणणारा माणूस रेल्वेचं भाडं, खोलीचं डिपॉझिट, पहिल्या महिन्याचा किराणा सगळं स्वतः भरतो आणि वहीत लिहून ठेवतो, मग युनिफॉर्मचे पैसे कापतो, पहिला पगार 'सोडून गेलास तर' म्हणून अडकवून ठेवतो, आधार कार्ड 'पीएफला लागतं' म्हणून घेतो ते परत देत नाही. पगार बँकेत जमा होतो, कागदावर एकदम क्लीन दिसतं, पण एटीएम कार्ड आणि पिन सुपरवायझरकडे असतो आणि पोराच्या हातात कॅश किती पडते ते फक्त त्या दोघांनाच माहीत असतं.

यातली एखादी गोष्ट एकटी बघितली तर गैरसोय वाटेल, पण कर्ज, अडकवलेला पगार, काढून घेतलेले कागद आणि ठेकेदाराचीच खोली हे सगळं एकाच माणसाच्या मागे लागलं की त्याला काम सोडून जाताच येत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं सक्तीच्या मजुरीच्या ११ खुणा सांगितल्यात त्यात हे जवळपास सगळं येतं.

कायदा

संविधानाच्या कलम २३ नं माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी दोन्हीला बंदी आहे आणि ही बंदी फक्त सरकारला नाही, खाजगी मालकालाही लागू होते. १९८२ च्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं, न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालात, सांगितलं की पोटासाठी नाइलाजानं किमान वेतनापेक्षा कमी पैशात केलेलं काम हीसुद्धा सक्तीची मजुरीच. या निकालाबद्दल छोट्या कंपन्यांमध्ये फार कमी लोक बोलतात, आणि माझ्या मते यापेक्षा महत्त्वाचं त्यांच्यासाठी दुसरं काही नाही, कारण वहीत कर्ज नसलं, मारहाण नसली, तरी किमान वेतन बुडवलं की प्रकरण कलम २३ खाली येऊ शकतं. वेठबिगारी निर्मूलन कायदा १९७६ चा. त्यात वेठबिगार माणसावरचं कर्ज आपोआप रद्द होतं, आणि हे बंधनाचं कर्ज नाही असं म्हणायचं असेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर असते. ठेकेदारानं मजुरी दिली नाही तर ती मुख्य मालकानं, म्हणजे ज्याच्या जागेवर काम होतं त्या कंपनीनं द्यायची हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलंय.

रेट

खरी गोम इथे आहे. समजा एका माणसाची किमान मजुरी १०० रुपये धरली, तर त्यावर मालकाच्या वाट्याचा पीएफ साधारण १३, ईएसआय म्हणजे कामगार विमा ३.२५, बोनस किमान ८.३३, म्हणजे जवळजवळ १२५ रुपये तर कायद्यानंच होतात, अजून सुट्टीच्या दिवशीचा बदली माणूस, युनिफॉर्म आणि एजन्सीचा सर्व्हिस चार्ज यात धरलेलाच नाही. आता कुणी १०८ नं कोटेशन दिलं आणि आपण 'स्वस्त पडतंय' म्हणून सही केली तर मधले पैसे कुणाच्या खिशातून जाणार हे त्याच दिवशी ठरलं. गार्डला १२ तासांची ड्युटी आणि ८ तासांचा पगार यातूनच येतो, ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्यायचा असतो हे त्याला कुणी सांगतच नाही. दुसरं म्हणजे महाराष्ट्रात किमान वेतनाचा विशेष भत्ता, म्हणजे महागाईप्रमाणे बदलणारा भाग, दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत बदलतो, आणि आपले करार दोन-तीन वर्षं एकाच रेटवर चालतात. भत्ता वाढला की रेट वाढेल अशी एक ओळ करारात घातली की ठेकेदाराला पगार कापायचं कारणच राहत नाही. पॉलिसीचं चार पानी पीडीएफ बनवण्याआधी हे करावं.

तपासायचं कसं

छोट्या कंपनीत वेगळं एचआर नसतं, मालक किंवा अकाउंटवाल्या ताईच सगळं बघतात, त्यामुळे मोठ्या कंपनीसारखं ऑडिट जमणार नाही, पण माणसांशी बोलणं जमतं. सुपरवायझर समोर नसताना, शक्यतो त्यांच्या भाषेत, साधे प्रश्न विचारावेत: मागच्या महिन्यात हातात किती आले, एटीएम कुठंय, आधार कुठंय, कुणाचे पैसे अंगावर आहेत का, उद्या गावाला जायचं म्हटलं तर जाता येईल का. रात्रपाळीला एकदा जाऊन बघावं आणि खोलीही बघावी. पगाराची यादी आणि हजेरी जुळवावी, एकाच मोबाइल नंबरवर पाच जणांची बँक खाती दिसली तर तिथेच थांबून चौकशी करावी. ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ते म्हणजे ठेकेदाराचे ठेकेदार, सोफा आणि काचा धुवायला येणारी टोळी, युनिफॉर्म शिवणारं युनिट, कँटीनमध्ये भांडी घासणारा पोरगा. तो लहान वाटला तर वयाचा पुरावा मागावा.

परदेशी क्लायंटचे फॉर्म

पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच छोट्या कंपन्यांपर्यंत हा विषय क्लायंटच्या प्रश्नावलीतून येतो. ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामीविरोधी कायद्यानं ३ कोटी ६० लाख पौंड आणि त्यावर उलाढाल असलेल्या कंपन्यांना सक्तीची मजुरी रोखायला काय केलं याचं दरवर्षी निवेदन द्यावं लागतं, ऑस्ट्रेलियाच्या २०१८ च्या तशाच कायद्यात १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची मर्यादा आहे, आपल्याकडे शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबी मोठ्या लिस्टेड कंपन्यांकडून मानवी हक्कांबद्दलची माहिती मागते. मोठी कंपनी मग तेच प्रश्न खाली ढकलते. छोटी कंपनी कायद्याच्या कक्षेत नसली तरी फॉर्म भरावाच लागतो, आणि सगळीकडे 'हो' टिक करून तो पाठवला जातो. ती टिक करण्याआधी वरचे प्रश्न विचारून झालेले असावेत, एवढंच.

सापडलं तर

पहिली प्रतिक्रिया असते करार रद्द करायची. त्यानं कंपनी सुटते, माणूस नाही, कारण ठेकेदार त्याला वहीसकट दुसऱ्या साइटवर नेतो. आधी त्याचे कागद आणि कार्ड परत मिळवावं, बुडालेली मजुरी आपण द्यावी आणि नंतर ठेकेदाराच्या बिलातून कापावी, आणि जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्याकडे लेखी कळवावं, जिल्ह्याला आणि उपविभागाला यासाठी दक्षता समिती असते. चौकशीनंतर मुक्ती प्रमाणपत्र, म्हणजे तो वेठबिगारीतून सुटला असा सरकारी दाखला मिळतो. २०१६ च्या केंद्राच्या योजनेत पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख आणि अत्यंत वाईट प्रकरणात ३ लाख मदत आहे, ती पूर्ण मिळायला बहुधा आरोपीला शिक्षा व्हावी लागते आणि तिथे वर्षं जातात. तोपर्यंत त्याच्या घरी पैसे जायला हवेत, म्हणून नवीन ठेकेदार आणताना आधीच्याच माणसांना त्याच जागी, थेट त्यांच्या स्वतःच्या खात्यात पगारावर घ्यायची अट घालावी.