मुक्कामाचा उजेड : दिवटी ते हेडलॅम्प

मे महिना संपत आला की पुण्यातल्या ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानांत एक प्रश्न हमखास कानावर पडतो, ‘तंबूसाठी कोणता दिवा घेऊ?’ पवनेच्या काठी मुक्कामाला किंवा राजमाचीला काजवे पाहायला निघालेली मंडळी खोक्यावरचा ल्युमेनचा, म्हणजे एकूण उजेडाच्या मापाचा, आकडा वाचतात आणि जितका मोठा तितका बरा, असं धरून चालतात. या समजुतीला इतिहास आहे. उघड्यावर रात्र काढायची तर उजेड कमीच पडणार, हा माणसाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. तो बदलून जेमतेम पंचवीस वर्षं झालीत.

जुना सरंजाम कसा होता, हे बघायला संग्रहालयात जावं लागत नाही. ज्यांच्या घरी खंडोबाचा कुळाचार आहे, त्यांच्या देवघरात दिवटी आणि बुधली आजही असते, आणि जेजुरीला तर ती पदोपदी दिसते. दिवटी म्हणजे चिंध्यांचा घट्ट काकडा बसवलेली धातूची मूठ, बुधली म्हणजे तेलाचं निमुळतं भांडं. काकडा तेल पितो आणि भराभर संपवतो, म्हणून थोड्या थोड्या वेळाने बुधलीतून धार सोडावीच लागते. आज पूजेत शेजारी ठेवलेल्या या दोन वस्तू म्हणजे एकेकाळची रात्रीच्या प्रवासाची सामग्री. तेल बहुतेक करंजाचं, म्हणजे करंजेल. ते धुरकट जळतं, वासही उग्र, पण करंज घाटमाथ्यावर मुबलक. एका दिवटीमागे एक माणूस अडकायचा. त्यामुळे उजेड सगळ्यांचा मिळून असायचा, ज्याचा त्याचा नसायचा. मोठ्या मशालीला टेंभा म्हणत. ‘टेंभा मिरवणे’ आपण अजून बोलतो, त्यातला टेंभा तो हाच.

उजेड लांबून दिसतो आणि आपली जागा उघडी पाडतो, हे मावळातल्या लोकांना नीट ठाऊक होतं. लाल महालावरच्या छाप्यानंतर (एप्रिल १६६३) कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून पाठलाग चुकवला, अशी कथा सांगतात. ‘कात्रजचा घाट दाखवणे’ हा वाक्प्रचार त्या कथेतूनच आला. कथेला जोर येतो तो एका गोष्टीमुळे: अंधारात पलित्यांच्या संख्येवरूनच माणसं मोजली जात. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगड घेतल्यावर गडावरच्या पागेला आग लावली आणि तिचा उजेड राजगडावरून महाराजांनी पाहिला, असं सभासद बखर सांगते. दोन गडांमधलं हवाई अंतर साधारण १५ किलोमीटर. रात्र माघ वद्य नवमीची, म्हणजे चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवणार. खालचं सगळं खोरं काळं असल्याशिवाय तो जाळ तिथून ओळखू येणं अवघड होतं.

पुढे रॉकेल आलं. शब्द ‘रॉक ऑइल’चाच मराठी झालेला. १८६०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत जॉन अर्विन याने दोन बाजूंच्या नळ्यांतून ज्योतीला हवा पुरवणारा कंदील काढला. वाऱ्यात न विझणारा उजेड प्रथमच हातात आला. आपल्याकडे काच बनवायची, हा स्वदेशीचाच भाग होता. पुण्याजवळ तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली उभा राहिला तो लोकांच्या एकेका पैशातून, आणि पुढे कराडजवळच्या ओगलेवाडीतून ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी गेला. आमच्या घरी तोच होता. संध्याकाळी काच पुसायचं काम माझ्याकडे असे: आत राख टाकायची, जुन्या धोतराच्या फडक्याचा बोळा फिरवायचा, मग वात कात्रीने अगदी सरळ कापायची. कोपरा जरा वर राहिला की तिकडून काजळी धरते आणि तासाभरात अर्धी काच काळी होते. त्या कंदिलाचा उजेड आठ-दहा माणसांच्या पंगतीला पुरायचा. मुक्कामावर तो मधोमध ठेवला की सगळी आपोआप त्याच्याभोवती बसत.

गॅसबत्तीने मात्र रात्रीचं रूपच पालटलं. तिची जाळी, आपण जिला मेंटल म्हणतो, ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर याने १८८५च्या सुमारास शोधली. नंतर बर्लिनच्या माक्स ग्रेट्झच्या कारखान्यातून पेट्रोमॅक्स आली आणि छापाचं नाव हेच वस्तूचं नाव झालं. आधी वाटीत स्पिरिट पेटवून नळी तापवायची, मग टाकीला पंप मारायचा. रॉकेलची वाफ होऊन मेंटलमध्ये जळू लागली की भस्सकन आवाज येतो आणि पांढरा झोत पसरतो. मेंटलचं कापड पहिल्यांदा पेटवताच जळून जातं. मागे उरते ती थोरियम आणि थोड्या सेरियमच्या ऑक्साइडची राखेची पिशवी, आणि खरा उजेड ती देते. हे थोरियम ज्या मोनाझाइट वाळूतून निघतं, ती त्रावणकोरच्या किनाऱ्यावर १९०९ साली सापडली. तमाशाच्या फडाला, लग्नाच्या वरातीला, रात्रीच्या कीर्तनाला गॅसबत्ती हवीच. गडावर न्यायची म्हणजे कसरत, कारण एका धक्क्याने मेंटलचा भुगा होतो. तंबूत तर ती लावूच नये. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. कंदील आणि शेगडीलाही हेच लागू आहे.

बॅटरीने उजेड एकेकट्याच्या हातात दिला. अशा हातातल्या बॅटरीचं, म्हणजे टॉर्चचं, डेव्हिड मिसेलचं अमेरिकेतलं पेटंट १८९९ चं. आमच्या ट्रेकच्या दिवसांत तीन सेलची स्टीलची बॅटरी हीच श्रीमंती. सॅकमध्ये दाबली जाऊन ती आपोआप पेटू नये म्हणून एक सेल उलटा घालायचा. उतरलेले सेल दुपारी कातळावर उन्हात ठेवायचे, म्हणजे रात्री थोडे आणखी चालत. जपून वापरायची सवय त्यातूनच लागली: चढणीला पुढच्याने लावायची, मागच्यांनी त्याच्या पायांकडे बघत यायचं.

ही सगळी काटकसर एलईडीने संपवली. तांबडी एलईडी १९६२ पासून होती, पण पांढऱ्या उजेडासाठी निळी हवी होती. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांनी ती साध्य केली, १९९३ मध्ये नाकामुरांची झगझगीत निळी एलईडी जाहीर झाली आणि २०१४ चं भौतिकीचं नोबेल या तिघांना मिळालं. निळ्या एलईडीवर पिवळा फॉस्फर, म्हणजे उजेडाचा रंग बदलणारा थर, चढवला की उजेड पांढरा दिसतो. तारेचा बल्ब एका वॅटमागे १०-१५ ल्युमेन द्यायचा, एलईडी शंभराच्या वर देते. इ.स. २००० मध्ये एलईडीचा छोटा हेडलॅम्प बाजारात आला आणि दिवा कपाळावर चढला. एका मेणबत्तीचा उजेड साधारण १२ ल्युमेन. म्हणजे ३०० ल्युमेनचा हेडलॅम्प कपाळावर पंचवीस मेणबत्त्या घेऊन फिरतो, आणि बोलणाऱ्याने मान वळवली की त्या समोरच्याच्या डोळ्यांत.

म्हणून निवड करताना मी आकड्याआधी रंग बघतो. थंड पांढऱ्या दिव्यात निळा भाग जास्त असतो आणि किडे त्याकडेच झेपावतात. पिठलं-भाकरीच्या ताटात पाकोळ्या पडण्याचं हे मोठं कारण. तंबूला २७०० केल्विनच्या (हे उजेडाच्या रंगाचं माप) आसपासचा पिवळसर, मंद करता येणारा एकच दिवा पुरतो, आणि तो कंदिलासारखा मधोमध, खाली ठेवावा. हेडलॅम्प वाट चालताना. त्याला लाल दिवा असेलच असं बघावं. अंधाराला डोळे पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि पांढऱ्या झोताने ती कमाई क्षणात जाते, गडद लाल उजेडाने फारशी जात नाही. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या १९४४ पासून आकाश बघत-दाखवत आलेल्या संस्थांच्या वर्तुळात टॉर्चवर लाल कागद लावणं ही साधी शिस्त आहे. काजव्यांच्या रानात तोही दिवा पायांपुरताच, जमिनीकडे धरलेला. नर लुकलुकतो, मादी खालून उत्तर देते, आणि आपल्या झोतात ते उत्तर त्याला दिसत नाही. पवनेकाठी हल्ली तंबूतंबूंवर रात्रभर लायटिंगच्या माळा जळतात. पाहून मला मनापासून वाईट वाटतं.

मागच्या माघात राजगडाच्या पद्मावती माचीवर आम्ही मुद्दाम सगळे दिवे बंद करून बसलो. ईशान्येला सिंहगडाचा आकार स्पष्ट दिसत होता, त्याच्या पाठीमागे पुण्याचा केशरी उजेड ढगांपर्यंत चढला होता म्हणून. तिथे पागेला लागलेली आग आज इथून ओळखू आली असती का, यावर आमच्यात बराच वेळ वाद चालला.