रोबोचे कान आणि त्याचीच खरखर

मागून हाक मारली की रोबो मान वळवतो, याचं पाहुण्यांना फार कौतुक वाटतं. त्यामागचं गणित मात्र शाळेतल्या त्रिकोणमितीइतकंच आहे.

हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. रोबोच्या डोक्यावर २० सेंटिमीटर अंतराने दोन मायक्रोफोन बसवले आणि आवाज थेट उजवीकडून आला, तर डाव्या मायक्रोफोनला तो ०.५८ मिलिसेकंद उशिरा पोचतो. (डोक्याला वळसा घालताना वाढणारं अंतर तूर्त सोडून देऊ.) समोरून आला तर फरक शून्य. फरक ०.२९ मिलिसेकंद निघाला, तर बोलणारा समोरच्या रेषेपासून ३० अंशांवर. हा फरक काढायला संगणक एक ध्वनिमुद्रण दुसऱ्यावर पुढे-मागे सरकवत नेतो आणि दोन्ही सर्वांत चांगली कुठे जुळतात ते पाहतो. भिंतींवरून येणारे प्रतिध्वनी गोंधळ घालतात, त्यावर नॅप आणि कार्टर यांनी १९७६ साली सुचवलेली पद्धत आजही वापरात आहे.

दोनच मायक्रोफोन असले तर आवाज पुढचा की मागचा, हे कळत नाही. दोन्हीकडून वेळेचा फरक तोच येतो. म्हणून ‘नाओ’सारख्या रोबोच्या डोक्यात चार मायक्रोफोन असतात. दुसरा उपाय आपलाच: मान थोडी फिरवायची आणि फरक वाढतो की घटतो ते बघायचं.

पण मान फिरवली की मानेतली मोटर कुरकुरते, तीही मायक्रोफोनच्या अगदी शेजारी! खरी डोकेदुखी इथे आहे. त्यामुळे रोबोंना आधी थांबा, मग ऐका, असंच करावं लागे. जपानमध्ये काझुहिरो नाकादाई, हिरोशी ओकुनो आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘सिग’ या मानवाकृती रोबोवर वेगळी युक्ती मांडली. कानांच्या जागी मायक्रोफोनची एक जोडी, आणि कवचाच्या आत दुसरी. आतली जोडी फक्त स्वतःच्या मोटरींवर कान ठेवून असते. आत गोंगाट जास्त आणि बाहेर कमी, असं दिसलं की ध्वनीचा तेवढा भाग हिशेबातून वगळायचा. मला ही कल्पना कुठल्याही क्लिष्ट सूत्रापेक्षा हुशार वाटते.

ड्रोनवर हाच प्रश्न कैकपट बिकट होतो. ढिगाऱ्याखालच्या माणसाची हाक शोधायची, तर पात्यांची घरघर आधी बाजूला काढावी लागते. एका जागेवरून कळते ती मुख्यतः दिशाच. जागा ठरवायला ड्रोन उडत उडत वेगवेगळ्या ठिकाणांहून दिशा घेतो आणि त्या रेषा कुठे छेदतात ते पाहतो. अर्थात, तोवर हाक चालू राहायला हवी.